म्यान घडतं ते कानशीखाली

घरच्या घरी चाकूला, कोयत्याला किंवा पटाशीला प्लॅस्टिकचं म्यान करायचं ठरवलं की बहुतेकांचं सगळं लक्ष शीट तापवण्याकडे जातं. हीट गन कोणती घ्यावी, ओव्हन चालेल का, दाबायला फोम किती जाड हवा, याचीच चौकशी जास्त होते. पण शीट तापवून पात्यावर दाबणं हे मोजक्या मिनिटांचं काम आहे. त्यातून हाती येतो तो पात्याचा ठसा उमटलेला, वेड्यावाकड्या कडांचा एक तुकडा. त्याचं म्यान होतं ते पुढे, कापताना, भोकं पाडताना आणि घासताना. तिथे घाई केली की कड हाताला लागते, कपड्याला धस लागतो, चाकू तोंडाशी अडकतो किंवा वाकल्यावर आपसूक गळून पडतो.

या लेखात तापवण्याचा भाग बाजूला ठेवून पुढच्या कामाबद्दल लिहितो आहे: कोणती अवजारं लागतात, ती कोणत्या क्रमाने वापरायची आणि कुठे थांबायचं. सुरुवातीलाच सांगतो, त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. हॅक्सॉ, दोन कानशी, ड्रिल आणि चार प्रकारचे पॉलिश पेपर एवढ्यावर उत्तम म्यान होतं. क्रम मात्र मोडायचा नाही.

आधी माल ओळखा

म्यानासाठी जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी शीट म्हणजे कायडेक्स. रोम अँड हास या अमेरिकी कंपनीने 1965 मध्ये ती विमानांच्या आतल्या सजावटीसाठी काढली. पीव्हीसी आणि ॲक्रिलिक यांच्या मिश्रणातून ती बनते, म्हणून पीव्हीसीचा चिवटपणा आणि ॲक्रिलिकचा ताठपणा दोन्ही तिच्यात असतात. साधारण 150 ते 175 अंश सेल्सिअसला ती मऊ होते आणि थंड झाली की दिलेला आकार धरून ठेवते. लहान चाकूला 1.5 मिलिमीटर, मध्यम चाकूला 2 मिलिमीटर आणि कोयता किंवा कुऱ्हाड अशा जड अवजाराला 2.4 ते 3 मिलिमीटर जाडीची शीट घ्यावी.

शीट मिळाली नाही तर नळकामातला जाड पीव्हीसी पाइप उभा चिरून, तापवून, दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट करता येतो. तो कायडेक्सपेक्षा कमी उष्णतेला मऊ होतो आणि थोडा ठिसूळ असतो. पण सराव करायला आणि बागेतल्या अवजारांच्या म्यानांना तो पुरेसा आहे. पुढची सगळी पद्धत दोन्हींना सारखीच लागू पडते.

कापण्या-घासण्याच्या दृष्टीने या मालाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तो उष्णतेने मऊ होतो आणि ही उष्णता घर्षणातूनही येते. करवत किंवा सँडरचा पट्टा जोरात फिरला की भुसा वितळतो, कडेला चिकटतो आणि कापलेली फट मागून पुन्हा सांधली जाते. दुसरी, दोन्हींमध्ये क्लोरीन आहे. माल जळला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती फुप्फुसांना घातक असते आणि लोखंड गंजवते. म्हणून यावर लेझर कटर चालवायचा नाही, कड गॅसच्या ज्योतीवर धरायची नाही आणि अँगल ग्राइंडरची चकती लावायची नाही.

घडीचं की दोन शीटचं

एकच शीट पात्याच्या पाठीवरून दुमडली की घडीचं म्यान होतं. त्याला एकाच बाजूने कापावं लागतं, त्यामुळे पहिल्या म्यानाला हा प्रकार बरा. पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक शीट ठेवून दोन्ही कडांना आयलेट (धातूचे पोकळ रिव्हेट) ठोकले की दोन शीटचं म्यान होतं. त्यात घासकाम दुप्पट असतं, पण ते कमरेच्या पट्ट्यावर सपाट बसतं आणि डावखुऱ्या-उजव्या दोघांनाही चालतं.

कोयता, विळा आणि कुऱ्हाड यांचं गणित वेगळं. कोयत्याचं पातं वाकडं असल्याने ते बंद म्यानात सरळ सरकत नाही. कोकण-गोव्यात माडावर चढणारे पाडेली कोयता कमरेच्या लाकडी आकडीला अडकवतात ते यासाठीच. तो क्षणात निघतो. अशा अवजाराला घरात, गाडीत किंवा पिशवीत ठेवण्यासाठी फक्त धार झाकणारं, पाठीच्या बाजूने उघडं आवरण करावं आणि त्याला एक पट्टा लावावा. यात उघडी बाजू किती कापायची हाच मुख्य प्रश्न असतो. पातं आडवं आत जाईल एवढीच फट ठेवा आणि धारेच्या संपूर्ण लांबीवर निदान दहा मिलिमीटर झाकण राहू द्या.

खुणा: इथे पाच मिनिटं जास्त द्या

शीट दाबण्यापूर्वीच धारेवर मास्किंग टेपचे दोन थर लावलेले असावेत. त्यामुळे आत थोडी जागा राहते आणि काम चालू असताना हात कापत नाही. साचा पूर्ण थंड झाला की चाकू आतच ठेवून खुणा करा. काळ्या शीटवर पांढरी शिंप्याची पेन्सिल किंवा चंदेरी पेन उमटतं. वळणांसाठी नाणं, बाटलीचं झाकण, वाटी यांच्या कडा वापरा. हाताने काढलेलं वळण कापल्यावर हमखास वाकडं दिसतं.

रेषा बाहेरून आत अशी आखू नका. आधी भोकांची जागा ठरवा, मग कड. पात्याचा फुगवटा जिथे संपतो तिथून भोकाची कड पाच-सहा मिलिमीटर लांब असावी. याहून जवळ घेतली तर पातं आयलेटला घासेल, फार लांब घेतली तर दोन्ही शीट पात्याला घट्ट धरणार नाहीत. 6 मिलिमीटरच्या आयलेटची टोपी साधारण अकरा मिलिमीटर रुंद असते, म्हणून भोकाच्या मध्यापासून बाहेरची कड निदान नऊ-दहा मिलिमीटरवर हवी. दोन आयलेटांमध्ये अडीच ते चार सेंटिमीटर अंतर पुरतं. सगळं आखून झालं की चाकू बाहेर काढा. यापुढे म्यान कापताना किंवा त्याला भोकं पाडताना तो एकदाही आत असता कामा नये.

भोकं आधी, कापणं नंतर

पुष्कळ जण आधी कड कापतात आणि मग भोकं पाडतात. उलट करा. कडेला भरपूर शीट शिल्लक असते तेव्हा ती शिकंज्यात नीट धरता येते आणि भोक पाडताना कड चिरत नाही.

खाली लाकडाचा सपाट तुकडा ठेवा. खुणेवर अणकुचीदार खिळ्याने छोटा खड्डा करा, म्हणजे बिट घसरणार नाही. आधी 3 मिलिमीटरचं, मग 6 किंवा 6.5 मिलिमीटरचं बिट वापरा. ड्रिल सावकाश चालवा आणि बिट अधूनमधून वर उचला. सलग लांब दोरा निघत असेल तर वेग बरोबर आहे. मेणासारखा गोळा बिटाला चिकटला तर वेग जास्त आहे. दोन्ही शीट एकत्र धरूनच भोक पाडा आणि पहिलं भोक झालं की त्यात 6 मिलिमीटरचा नट-बोल्ट वॉशरसह आवळा. मग दुसरं टोक, मग मधली. बोल्ट लावलेलेच राहू द्या. दोन्ही शीट जागच्या हलू नयेत आणि पुढे दोन्ही कडा एकसंध घासल्या जाव्यात, हे काम हे बोल्ट करतात. आयलेट सगळ्यात शेवटी.

पट्टा ओवायची लांबट फट हवी असेल तर तिच्या दोन टोकांना भोकं पाडा, मधला भाग कोपिंग सॉने काढा आणि चपट्या कानशीने सरळ करा. या फटीच्या चारही आतल्या कडा गोल केल्याच पाहिजेत. धारदार राहिल्या तर त्या नायलॉनचा पट्टा हळूहळू कातरतात आणि एक दिवस म्यानासकट चाकू दरीत जातो.

पहिला काप

या टप्प्यावर एकच नियम: रेषेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. रेषेपर्यंत जाणं हे करवतीचं काम नाही.

हॅक्सॉ सगळ्यांच्या घरी असतो आणि सरळ कापांना तो पुरेसा आहे. इंचाला 18 किंवा 24 दात्यांचं पातं लावा. म्यान शिकंज्यात धरताना दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या किंवा जाड कापड ठेवा, नाहीतर शिकंज्याचे दाते पृष्ठभागावर कायमचे उमटतात. काप शिकंज्याच्या जवळ ठेवा. लांब राहिला तर शीट थरथरते.

वळणांसाठी कोपिंग सॉ घ्या. त्याचं बारीक पातं फिरवता येतं आणि हाताने चालत असल्याने माल तापत नाही. स्क्रोल सॉ असेल तर वेग कमी ठेवा आणि जरा मोठ्या दातांचं पातं लावा. त्याच्या बारीक, वेगवान पात्यामागे फट पुन्हा वितळून सांधली जाण्याचा त्रास सगळ्यात जास्त होतो. जिगसॉ शीटला वर-खाली हापटतो, म्हणून तो चालवायचा तर म्यान टेबलाच्या कडेला क्लॅम्पने पक्कं बांधूनच. बँडसॉ मिळाला तर काम झटपट होतं, पण एका-दोन म्यानांसाठी तो विकत घेण्यात अर्थ नाही.

सपाट शीटमधून सुरुवातीचे चौकोन काढायला ॲक्रिलिक कटर छान. पोलादी पट्टी धरून चार-पाच वेळा ओढा, जाडीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकी खाच पडू द्या आणि टेबलाच्या कडेवर मोडा. सरळ, स्वच्छ काप मिळतो. पत्रा कापायची कातर 1.5 मिलिमीटरच्या एकेरी शीटला चालते, त्याहून जाडीला नको. ती शीट दाबून फाडते, कडेला पांढरट ताणरेषा उठतात आणि थंडीच्या दिवसांत त्याच रेषेवरून तडा जातो.

रेषेपर्यंत नेणारी अवजारं

आता कानस. एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने अर्धगोल अशी मध्यम खरबरीत कानस या कामाचा कणा आहे. बाहेरची वळणं सपाट बाजूने, आतली अर्धगोल बाजूने. जोडीला एक बारीक गोल कानस असली की अंगठ्याच्या खाचेसारख्या जागा निघतात. कानस पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना उचलून आणा. दातांत प्लॅस्टिक भरलं की ती घसरायला लागते. काम सुरू करण्याआधी कानशीवर पांढरा खडू घासून घेतला तर भुसा चिकटत नाही, आणि भरलीच तर तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने साफ करा.

नवशिक्यांनी पहिली दोन-तीन म्यानं कानशीनेच करावीत असा माझा आग्रह आहे. कानस चुकली तर पाव मिलिमीटर जास्त निघतो. बेल्ट सँडरचा पट्टा चुकला तर अर्धी कड जाते. शिवाय वळण कुठे सपाट झालं, कुठे खोलगट झालं, हे हाताला कानशीवरच कळतं.

बेल्ट सँडर असेल तर बाहेरच्या कडांना 80 नंबरचा आणि नंतर 120 नंबरचा पट्टा लावा. म्यान सतत सरकतं ठेवा, एका जागी थांबू नका. दर थोड्या वेळाने कडेला बोट लावून पाहा: बोट टेकवून ठेवता येत नसेल इतकी कड तापली तर थांबा आणि गार होऊ द्या. तापलेल्या अवस्थेत घासलेल्या कडेवर वितळलेल्या मालाची पातळ किनार बाहेर येते आणि ती पुन्हा खरवडून काढावी लागते. पट्टा झिजला असेल तर बदला. बोथट पट्टा कापत नाही, नुसता तापवतो.

आतल्या वळणांना ड्रिलमध्ये बसणारा छोटा सँडिंग ड्रम किंवा ड्रेमेलसारखं हातात धरायचं यंत्र उपयोगी पडतं. दोन्ही सगळ्यात कमी वेगावर ठेवा. ड्रेमेलचा बारीक ड्रम जिथे टेकतो तिथे क्षणात खड्डा पाडतो, त्यामुळे तो लांब कडेवर कधीच वापरू नये. ड्रम नसेल तर लाटण्याला किंवा पाइपच्या तुकड्याला पॉलिश पेपर घट्ट गुंडाळा. वळणाशी जुळणाऱ्या जाडीचं काहीही चालतं आणि त्याने खड्डे पडत नाहीत.

या टप्प्याच्या शेवटी म्यान उजेडासमोर धरून पाहा. दोन्ही शीट एका पातळीत आल्या पाहिजेत. एक पुढे, एक मागे असेल तर पुढची खाली आणा. पुढच्या बारीक कागदांनी हा फरक जाणार नाही.

कडेचं खरं काम

रेषा गाठली म्हणजे कड तयार झाली असं नाही. घासल्यामुळे दोन्ही अंगांना बारीक किनार उभी राहिलेली असते. ती काढायला घरातलं सगळ्यात चांगलं अवजार म्हणजे कटरचं नवं पातं किंवा मोडलेल्या हॅक्सॉ पात्याची सरळ पाठ. ती कडेवर उभी धरा आणि आपल्याकडे हलकेच ओढा. कापायचं नाही, खरवडायचं. केसासारखे तंतू निघतात आणि कोपरा मोडतो. दोन-तीन हातांत कडेला एकसारखा उतार येतो. फर्निचरवाले सुतार खरवडायला पोलादी पातं वापरतात तेही इथे चालतं.

मग पॉलिश पेपर. 120 ने कानशीचे किंवा पट्ट्याचे ओरखडे काढा. 220 ने 120 चे. मग 400 आणि शेवटी 600 किंवा 800 नंबरचा वॉटर पेपर, साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवून. प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण काढायचे, ही या सगळ्या कामाची किल्ली आहे. 120 वरून थेट 600 वर उडी मारली तर कड चकचकीत दिसते, पण तिरप्या उजेडात खोल रेघा दिसतातच. दर वेळी घासण्याची दिशा थोडी बदला, म्हणजे आधीच्या रेघा उरल्या का ते लगेच कळतं. कागद बोटावर धरून घासला की कड लाटेसारखी होते. सरळ भागावर तो लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला गुंडाळूनच घासा. कोपरे गोल करताना मात्र कागदाची पट्टी दोन्ही हातांनी धरून, चांभार बूट पुसतो तशी मागेपुढे ओढा.

ओल्या कागदाचे दोन फायदे: भुसा हवेत उडत नाही आणि कड तापत नाही. शक्य असेल तर 220 पासूनच ओलं घासा.

कड झाली की नाही याची साधी परीक्षा कापसाने होते. कापसाचा बोळा कडेवरून सगळीकडे फिरवा, आतल्या तोंडावरूनसुद्धा. जिथे तंतू अडकतो तिथे धस आहे. बोटाला न जाणवणारा धस कापूस दाखवतो.

चमक हवी असेल तर मऊ कापडाच्या बफावर हलकं पॉलिश लावून कडेवरून झरझर फिरवा. बफावर दाब दिला की कड पुन्हा वितळते. काही जण कड ॲसिटोनने पुसतात; त्याने पृष्ठभाग किंचित विरघळून ओरखडे झाकले जातात. पण ॲसिटोन पटकन पेट घेतं, त्याची वाफ डोक्याला चढते आणि थेंब सपाट भागावर पडला की तिथला खरखरीत पोत कायमचा जातो. हीट गनने कड चकाकते हेही खरं, पण तापलेली शीट आपल्या मूळ सपाट आकाराकडे परतू पाहते आणि दोन शीटमधली फट उघडते. 800 नंबरपर्यंत नीट घासलेल्या कडेला यांतलं काहीच लागत नाही.

तोंड: चाकू धरणारी आणि सोडणारी जागा

चाकू म्यानात बसताना जो 'टक' आवाज येतो तो तोंडाजवळच्या एका छोट्या भागामुळे. मुठीचा फुगवटा किंवा बोटाची खाच शीटच्या ओठाने पकडलेली असते. म्हणून तोंड कापताना सगळ्यात जास्त सावध राहा. ओठ एक मिलिमीटर जास्त गेला तर पकडच जाते आणि ती परत आणता येत नाही.

आधी तोंड मुद्दाम थोडं लांब ठेवा. चाकू घालून-काढून पाहा, अर्धा मिलिमीटर घासा, पुन्हा पाहा. आतली कड 220 ने बाहेरच्या बाजूला किंचित पसरट गोल करा. त्यामुळे पातं आत जाताना शीटला खरवडत नाही आणि मुठीच्या लाकडावर चरे पडत नाहीत. अंगठा टेकवून चाकू वर ढकलता येईल अशी एक खाच किंवा उतार ओठावर ठेवा. पकड घट्ट असूनही चाकू एका हाताने, झटका न देता निघतो तो या उतारामुळे.

पकड फार घट्ट असेल तर लगेच घासायला घेऊ नका. टेप लावलेला चाकू आत ठेवून फक्त ओठावर हीट गनची गरम हवा लांबून काही सेकंद द्या, चामड्याचा हातमोजा घालून ओठ किंचित उघडा आणि गार होईपर्यंत धरा. सैल असेल तर याच रीतीने आत दाबा. हे पुन्हा पुन्हा करता येतं. घासलेलं मात्र परत येत नाही.

परीक्षा घ्यायची ती जमिनीजवळ, खाली जाड गादी किंवा उशी ठेवून. म्यान उलटं धरून हलवा. चाकू हलता कामा नये. ही परीक्षा करताना दुसरा हात किंवा मांडी खाली नको, आणि आसपास मुलं नकोत.

आयलेट आणि निचरा

कडा पूर्ण झाल्यावरच बोल्ट काढा आणि एकेका भोकात आयलेट ठोका. आयलेटची नळी दोन्ही शीटच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर यायला हवी. कमी आली तर ती पकडत नाही, जास्त आली तर वाकडी मुडपते आणि फाटते. आधी त्याच जाडीच्या रद्दी तुकड्यावर एक ठोकून पाहा. पंच सरळ उभा धरा आणि एका जोराच्या घावाऐवजी चार हलके घाव घाला; म्हणजे टोक सारखं पसरतं. उलगडलेल्या बाजूची धार बोटाने तपासा आणि खुपत असेल तर 400 च्या कागदाने मोडा. ही बाजू नेहमी शरीरापासून बाहेरच्या अंगाला ठेवा.

पात्याच्या टोकाशी 4 ते 5 मिलिमीटरचं एक भोक निचऱ्यासाठी हवंच. सह्याद्रीतल्या पावसात किंवा कोकणच्या दमट हवेत बंद म्यानात पाणी साचलं की कार्बन पोलादाचं पातं एका रात्रीत तांबूस होतं. हे भोकही आतून-बाहेरून गोल करा.

सगळं झाल्यावर म्यान साबणाच्या कोमट पाण्यात बाटली धुवायच्या ब्रशने आतून घासा. अडकलेला भुसा आणि कागदाचे कण आत राहिले तर प्रत्येक वेळी चाकू काढताना पात्यावर ओरखडे उठतात. बहुतेकांच्या पात्यांवरच्या रेघा शीटमुळे नसतात, या राहिलेल्या कणांमुळे असतात. म्यान सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच चाकू आत घाला.

स्वतःला जपा

घासताना निघणारा भुसा बारीक असतो. एन 95 मास्क आणि बाजूने बंद असलेला चष्मा लावूनच काम करा, शक्यतो गच्चीवर किंवा अंगणात. भुसा फुंकरीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. फिरत्या ड्रमजवळ किंवा पट्ट्याजवळ कापडी हातमोजे, सैल बाह्या आणि मोकळे केस नकोत. तापवण्यासाठी ज्या ओव्हनमध्ये शीट घालाल त्यात पुन्हा स्वयंपाक करू नका.

तयार म्यान उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत, विशेषतः काचेखाली ठेवू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात तिथे शीट ढिली पडेल इतकी उष्णता होऊ शकते आणि मेहनतीने बसवलेली पकड जाते.

कायद्याचीही जाण ठेवा. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असेल तेव्हा कमरेला चाकू लावून गावात फिरणं अंगाशी येऊ शकतं. विमानात तो हातातल्या सामानात नेता येत नाही. शेतात, डोंगरात, कामाच्या जागी म्यान कमरेला; बाकी प्रवासात चाकू म्यानासह पिशवीच्या तळाशी, हे बरं.

पहिली खरेदी

दुकानात जाताना एवढीच यादी न्या: 18 आणि 24 दात्यांची हॅक्सॉ पाती, कोपिंग सॉ, एक अर्धगोल आणि एक गोल कानस, 3 आणि 6 मिलिमीटरची ड्रिल बिटं, 6 मिलिमीटरचे चार नट-बोल्ट, आयलेट आणि त्यांचा पंच, 120, 220, 400 आणि 800 नंबरचे कागद, मास्क, चष्मा. बेल्ट सँडर, ड्रेमेल, बफ हे सगळं पाच-सहा म्यानं हाताने करून झाल्यावर. तोवर कोणतं काम खरोखर वेळखाऊ आहे हे तुम्हालाच कळलेलं असेल आणि यंत्रावरचा पैसा योग्य जागी जाईल.

पहिलं म्यान चांगल्या चाकूसाठी करू नका. स्वयंपाकघरातली जुनी सुरी घ्या, पाइपचा तुकडा घ्या आणि एक अख्खी दुपार फक्त कड घासण्याला द्या. जी कड कापसाला धरत नाही, ती पुढची दहा वर्षं तुमच्या हाताला आणि कपड्यालाही धरणार नाही.